थान गुरुजींच्या उशाशी

दोंगकोउ गावात पोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. पाठीवरची सॅक खाली टेकवून शूचिंगने आधी खाण्याची सोय बघितली. गावाच्या तोंडाशीच एक दुकान होतं. दारावर सोललेल्या पर्सिमन फळांच्या केशरी माळा वाळत टांगलेल्या, उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, आणि आत एक जाडजूड बाई भल्यामोठ्या गोल तव्यावर राळ्याच्या पिठाच्या पातळ पोळ्या काढत बसलेली.

"चार द्या मावशी. आत कांद्याची पात घाला, आणि चटणी जरा सढळ हाताने."

"चालत आलात?" बाईने दोघांच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे पाहिलं.

"छूफूपासून," वेनहेंग म्हणाला. "आज तिसरा दिवस. ताईच्या पायांना फोड आलेत, पण कबूल करत नाही."

"फोड तुझ्या पायांना आलेत," शूचिंग म्हणाली. "रात्री पाय गरम पाण्यात घालून कोण कण्हत होतं ते सांगू का मावशींना?"

बाई हसली. तिचं नाव बियान मावशी, असं दारावरच्या पाटीवरून कळत होतं.

शूचिंग छत्तीस वर्षांची. वेइफांगच्या एका इस्पितळात औषधांच्या खिडकीमागे बसणारी. वेनहेंग तिच्याहून सात वर्षांनी लहान. दूर पश्चिमेला, शिनजियांगच्या वाळवंटात, रस्त्यांची मोजणी करणारा. वर्षातून एकदा वसंताच्या सणाला घरी आला तर आला. या खेपेला मात्र त्याने दहा दिवसांची रजा काढली होती, आणि फोनवर पहिलं वाक्य बोलला होता, "ताई, बाबांची वाट चालूया."

बाबांची वाट म्हणजे शाळेच्या वहीच्या कागदावर पेन्सिलने काढलेला एक नकाशा. बाबांनी, म्हणजे लुआन गुरुजींनी, एकतीस वर्षं तालुक्याच्या शाळेत जुनं वाङ्मय शिकवलं. ज्यांना बाहेरचं जग कन्फ्यूशियस म्हणतं त्या खोंग गुरुजींची वचनं त्यांनी तीन पिढ्यांकडून घोकून घेतली; पण खोंग गुरुजींचं छूफू काही त्यांच्या नजरेला पडलं नाही. निवृत्त झालो की पाठीवर पडशी टाकून चालत जाईन, म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा गुडघे गेले. मग हृदय गेलं. नकाशा तेवढा राहिला. छूफूचं देऊळ आणि कबरींचं जंगल, तिथून दक्षिणेला, खोंग गुरुजींच्याच परंपरेतल्या मेंग गुरुजींचं त्सोउचंग, मग नीशानचा डोंगर, आणि शेवटी, दोनदा गोल केलेला, एक बारकासा ठिपका. दोंगकोउची जुनी पाठशाळा. तिथे शिकवून गेलेल्या थान गुरुजींचं थडगं.

"तिकडे जायचंय आम्हाला," शूचिंगने टेकडीकडे बोट केलं. "किती लांब?"

मावशीचा तव्यावरचा हात मंदावला.

"तासाची चढण. बघायला काय आहे तिथे? दोन भिंती आणि झाडं." मग तिने वेनहेंगकडे पाहिलं. "आईबाप आहेत ना तुमचे?"

"आई आहे. बाबा गेले."

"कधी?"

"गेल्या वर्षी. मार्च महिन्यात."

मावशीने पिठाच्या बोटांनी महिने मोजले. "एकोणीस," ती स्वतःशीच पुटपुटली. मग मोठ्याने, अगदी सहज बोलावं तसं म्हणाली, "तू असं कर बाळा, तू इथेच थांब. मला शेंगा निवडू लाग. ताई बघून येईल वरचं."

"का बरं?"

"बाप जाऊन सत्तावीस महिने, म्हणजे जुन्या हिशेबाचं तीन वर्षांचं सुतक, झालं नसेल तर मुलग्याने वर जाऊ नये. आमच्याकडे कुणी जात नाही."

वेनहेंग हसला. "मावशी, सुतक धरून कुणी सत्तावीस महिने बसतं का हल्ली? माझा साहेब तीन दिवससुद्धा देत नव्हता."

"म्हणूनच म्हणते," मावशी म्हणाली, आणि तिने पोळ्यांची पुडी बांधून शूचिंगच्या हातात दिली. "जाणारच असाल तर ऊन समोरच्या कड्यावरून उतरायच्या आत खाली या. आणि तिथे टेकू नका कुठे. बोलायचं ते उभ्यानेच बोला."

कुणाशी बोलायचं, हे विचारायचं शूचिंगला वाटेत सुचलं. तेव्हा दुकान बरंच मागे पडलं होतं.

वाट आधी पर्सिमनच्या बागांतून गेली. मग झाडं संपली आणि दगडी पायऱ्या लागल्या, मधून मधून खचलेल्या. पाऊण तासाने सुरूच्या काळसर झाडांची एक रांग दिसली, आणि तिच्या पोटात पाठशाळेच्या दगडी दाराचे दोन खांब. आत अर्धचंद्राच्या आकाराचं तळं, कोरडं पडलेलं. त्यावर तीन पावलांचा पूल. पलीकडे मोठ्या दालनाच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. छप्पर आतच कोसळलं होतं आणि त्यातून गवत माजलं होतं.

शूचिंगला पहिल्यांदा जाणवला तो वास. विझलेल्या चुलीवर पाणी ओतल्यावर येतो तसा, ओल्या राखेचा. आणि मग जाणवलं की खाली बागांत चिमण्यांनी नुसता कलकलाट मांडला होता, इथे एकही नाही.

"बाबांनी इथे येऊन काय केलं असतं सांगू?" वेनहेंग म्हणाला. "आधी चूळ भरली असती. मग हात धुतले असते. मग सगळ्यांना एका रांगेत उभं करून शिलालेख वाचून दाखवला असता."

"आणि तू रांगेत चुळबुळ केली म्हणून कान धरला असता."

तो हसला नाही. बाबांचा विषय निघाला की असंच व्हायचं. तीन दिवस दोघं बाबांच्या वाटेवर चालत होती, पण बाबा गेले त्या आठवड्याबद्दल दोघांनी अवाक्षर काढलं नव्हतं. तो आठवडा शूचिंग विसरली नव्हती. बाबांचं प्रेत घरात, वेनहेंगची वाट बघत सगळे खोळंबलेले, आणि त्याचा एकच निरोप, रजा मिळत नाही. शवपेटी उचलण्याआधी थोरल्या मुलाने राखेचं मडकं दगडावर फोडायचं असतं. मुलगा एकच, आणि तो नाही. चुलते कुजबुजायला लागले. शेवटी शूचिंगने पुढे होऊन दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि आपटलं. एक कपची उजव्या तळव्यात खोल घुसली. टाके पडले होते. वेनहेंग नवव्या दिवशी आला.

दालनासमोर दगडी कासवाच्या पाठीवर एक उंच शिळा होती. अक्षरं झिजलेली. शूचिंगने बाबांसाठी म्हणून ती वहीत उतरवून घ्यायचं ठरवलं.

"मी मागचं थडगं बघून येतो," वेनहेंग म्हणाला. "दोन धूपकांड्या लावतो. तू कर तुझं."

तिने घड्याळ पाहिलं. दोन चाळीस. औषधांच्या खिडकीमागे बसून तिला वेळ बघायची सवयच लागली होती.

शिळेवर थान गुरुजींची कीर्ती होती. मग त्यांच्या अठरा शिष्यांची नावं. गुरुजी वारले तेव्हा अठराही जणांनी थडग्याशी झोपड्या बांधून तीन वर्षं सुतक पाळलं, बाप गेल्यावर पाळतात तसं. शेवटची ओळ वाचायला तिला गुडघे टेकावे लागले असते. मावशीचं बोलणं आठवून ती नुसतीच वाकली.

"मग सगळे घरी परतले. एक जण राहिला."

तिने ती ओळ लिहून घेतली, आणि मान वर केली तेव्हा धुकं आलेलं होतं. सुरूच्या बुंध्यांमधून ते जमिनीलगत सरपटत येत होतं, आवाज न करता. आणि धुक्यातून, दालनाच्या मागच्या बाजूने, कुणीतरी बोलत होतं.

"...थोडाच वेळ. पाणी घेऊन येतो."

"या, या आजोबा. मी बसतो तोवर." हा वेनहेंगचा आवाज होता. तो कुणाशीही इतक्या अदबीने बोललेला तिने ऐकला नव्हता.

ती भिंतीला वळसा घालून मागे गेली. थडगं म्हणजे गवताने झाकलेला मातीचा उंचवटा. त्याच्या उजव्या अंगाला ज्वारीच्या ताटांची एक खोप होती, एका माणसापुरती, उन्हाकडे पाठ केलेली. आत वेनहेंग गवताच्या चटईवर मांडी घालून बसला होता. उशाच्या जागी मातीचं एक मोठं ढेकूळ होतं, आणि त्यावर डोक्याएवढा खळगा पडलेला.

"धाकट्या, ऊठ."

"शू..." त्याने ओठांवर बोट ठेवलं. "एक आजोबा आहेत इथे. पाण्याला गेलेत. जागा रिकामी ठेवायची नसते म्हणाले, म्हणून बसलोय. दहा मिनिटं, ताई."

"मावशी काय म्हणाली होती?"

"म्हातारं माणूस आहे गं. कधीपासून पाणी प्यायले नव्हते म्हणे." त्याने सॅक पुढे सरकवली. "पोळ्या इथेच ठेव. आले की त्यांनाही देऊ."

त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळीच निवांत कळा आली होती. शाळेत शिक्षा म्हणून उभं केलेल्या मुलाला शेवटी खाली बसायला सांगितल्यावर येते तशी. 

"मी बघते कुठे अडकलेत ते," ती म्हणाली. "आले की लगेच निघायचं."

विहीर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तळ्याच्या पलीकडे, उतारावर, दगडी कठडा दिसला. कठड्याशी एक म्हातारा तिच्याकडे पाठ करून उभा होता. अंगात न रंगवलेल्या, भरड्या तागाचा सदरा, कमरेला दोरी. हातात घागर. तो खाली दरीकडे, गावाकडे बघत होता. शूचिंग विहिरीत डोकावली. विहीर काठापर्यंत दगडांनी बुजलेली होती, आणि दगडांमधून सुरूची मनगटाएवढी मुळं वर आलेली.

"आजोबा... इथे पाणी नाही."

"नाही ना," म्हातारा म्हणाला. त्याने वळून पाहिलं. चेहरा साधा होता, कुठल्याही बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. डोळे मात्र सुट्टी मिळालेल्या पोरासारखे लकाकत होते. "दोन पायऱ्या उतरलो. मग परत वर आलो. मग पुन्हा उतरलो. उतरायची सवय नाही राहिली बघ पायांना."

"माझा भाऊ बसलाय तुमच्या जागेवर. आम्हाला जायचंय."

"चांगला मुलगा आहे. मान खाली घालून बसला. मागचा फार रडायचा."

"मागचा... कोण?"

"असाच एक मुलगा. बसल्याबसल्या संपला, मग मलाच परत बसावं लागलं," म्हातारा म्हणाला. त्याने घागर कमरेवर घेतली, आणि शूचिंगला दिसलं की घागरीला बूड नव्हतं. आतून पलीकडचं धुकं दिसत होतं.

"तीन वर्षं बसायचं ठरलं होतं," तो सांगू लागला, अगदी हळू आवाजात, शेजाऱ्याला घरची अडचण सांगावी तसा. "सगळे उठले. मला वाटलं, गुरुजींचं ऋण मोठं, आणखी तीन बसू. ती झाली. मग उठायला गेलो तर कळलं, जागा रिकामी सोडून उठता येत नाही. बदली लागतो. बाप गेलेला, दुःख न फिटलेला मुलगा लागतो. ज्याने बापाचं मडकं फोडलं, त्यालाच बसता येतं. दुसराच कुणी बसलाय हे गुरुजींना कळलं, की जागा त्याला सोडून देते." तो हसला. "तुझ्या भावाला मी विचारलंसुद्धा नाही. दुःख तोंडावरच लिहिलेलं होतं."

शूचिंगची उजवी मूठ आपोआप मिटली.

"त्याने नाही फोडलं," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचं हसू जागच्या जागी राहिलं. डोळे मात्र विझले.

"मुलगा आहे तो. एकुलता."

"तो आलाच नाही. मडकं मी फोडलं."

मग म्हातारा म्हणाला, "मी विचारतो त्याला," आणि चालू लागला. पायांचा आवाज येत नव्हता. शूचिंग त्याच्या पुढे पळाली.

ती खोपीशी पोचली आणि थांबली. सॅक होती तिथेच होती. पण तिच्यावर हिरवी बुरशी चढली होती. पोळ्यांच्या पुडीचा नुसता काळा चिखल झाला होता. आत वेनहेंग बसला होता. सकाळी नीशानच्या धर्मशाळेत त्याने दाढी केलेली तिने स्वतः पाहिली होती. आता दाढी छातीला टेकत होती. केस कानांवरून खांद्यावर आले होते. नखं वाढून आत वळली होती. जॅकेटचा निळा रंग खांद्यांवर उडून पांढरट झाला होता.

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दोन मिनिटं.

"ताई," तो म्हणाला. आवाज न वापरल्यामुळे गंजलेला. "इतके दिवस... कुठे होतीस?"

तिने त्याला दंडाला धरून ओढलं. दंड हाताला लागत होता, हाडकुळा, थंड. पण तो हलेना. ओढ्यातला मोठा धोंडा हलत नाही तसा.

"ऊठ! धाकट्या, ऊठ म्हणते ना!"

"नाही गं. जागा रिकामी राहील." तो समजूत घालत होता. "एकदा राहिली ना माझी जागा रिकामी... आता नको. तुला एक सांगायचं होतं. रजा मिळाली होती मला. दुसऱ्याच दिवशी मिळाली. तिकीटही काढलं होतं. उरुम्चीच्या स्टेशनात बाकावर बसलो होतो. गाडी आली, लोक चढले. मला वाटलं, बाबांनी डोळे उघडून पाहिलं तर? दोन वर्षं मी त्यांचा फोन उचलला नव्हता, ताई. तूही शिक्षकच हो, असं म्हणाले मला, एवढ्यावरून. गाडी गेली. मी बसूनच होतो."

शूचिंगचे कान गरम झाले. एकोणीस महिने तिने त्याच्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आई रोज सकाळी विचारायची, त्याला कळवलं होतं ना गं वेळेवर? आणि ती सांगायची, कळवलं होतं आई, रजाच नाही मिळाली पोराला.

मागे गवत सरसरलं नाही, काही वाजलं नाही, तरी तिला कळलं की म्हातारा येऊन उभा राहिला आहे.

"पोरा," तो म्हणाला. "बापाचं मडकं कुणी फोडलं?"

वेनहेंगने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर तीच निवांत कळा.

"मी," तो म्हणाला.

"धाकट्या!"

"मी फोडलं. मुलगा मी आहे." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू जा ताई. आईला सांग, मी बसलोय. बाबांच्याच वाटेवर बसलोय. मला बरं वाटतंय गं इथे... पहिल्यांदाच."

आणि शूचिंगने पाहिलं, तो हे बोलत असताना त्याच्या काळ्या दाढीत एक पांढरा केस आला. मग दुसरा. तिच्या डोळ्यांदेखत.

काय करायला हवं ते तिला कळलं. ते करण्याआधी तिने एकदा डोळे मिटले. मग ती खोपीच्या तोंडाशी उभी राहिली, थडग्याकडे तोंड करून, आणि शाळेत बाबा बोलायचे तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"थान गुरुजी, ऐका. हा माणूस लुआन घराण्याचा मुलगा नाही. बाप मरून पडला तेव्हा हा स्टेशनात बसून राहिला. ज्याने स्वतःच्या बापाचं सुतक पाळलं नाही, त्याला तुमचं सुतक पाळायचा अधिकार नाही. लुआन गुरुजींना मुलगा नव्हता. मुलगी होती. मडकं तिने फोडलं. हे बघा."

तिने उजवा हात उघडून धरला. तळव्यावर टाक्यांची पांढरी रेघ होती, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत.

वेनहेंगच्या तोंडून आवाज निघाला. मार खाल्लेल्या जनावराचा निघतो तसा.

"ताई, असं नको ना म्हणू... असं नको..."

"हा मुलगा नाही," ती पुन्हा म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तिसऱ्यांदा सांगते. बाबांना मुलगा नव्हता."

काहीतरी सुटलं. ताणलेली दोरी कापल्यावर सुटते तसं. वेनहेंग तोंडावर खोपीबाहेर कोसळला, आणि तिने त्याला काखेत धरून उभं केलं. पोरासारखा हलका लागला.

गवताची चटई रिकामी होती. त्याच्या बसण्याचा खळगा तिच्यावर उमटला होता, आणि तो हळूहळू भरून येत होता.

म्हातारा खोपीकडे बघत होता. मग त्याने शूचिंगच्या तळव्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"मग तुला बसता येईल," तो हळूच म्हणाला.

शूचिंग खरोखरच चटईकडे वाकू लागली. दिवसभराची चाल, तीन दिवसांचे फोड, एकोणीस महिन्यांचा थकवा, सगळं एकदम म्हणू लागलं, बस, जरा टेक. चटई किती मऊ दिसत होती. आई, इस्पितळ, घर, सगळ्यांना तीच पुरी पडत आली होती. टेकलीच नव्हती ती कुठे.

वेनहेंगने तिच्या मनगटाला धरलं. वाढलेली नखं तिच्या कातडीत रुतली.

"ताई... उभी राहा," तो कुजबुजला.

"मी माझ्या बापाशी बसेन," शूचिंग म्हणाली. प्रत्येक शब्द तिला दगडासारखा उचलावा लागला. "तुमच्या गुरूपाशी नाही."

दोघं वळली. सॅक तिथेच टाकून, एकमेकांना धरून, तळ्यावरचा पूल ओलांडून, खांबांमधून बाहेर पडली. मागे वळून दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही. शूचिंग फक्त ऐकत होती. म्हातारा परत जागेवर बसेल, चटईचं वाळलं गवत चुरचुरेल, एवढाच एक आवाज तिला ऐकायचा होता. त्या शांततेत तो नक्की ऐकू आला असता. पायऱ्या संपल्या, पर्सिमनच्या बागा आल्या, चिमण्यांचा कलकलाट सुरू झाला. तो आवाज काही आला नाही.

ऊन अजून समोरच्या कड्यावर होतं.

बियान मावशीने वेनहेंगकडे एकदा पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता त्याला आत नेलं. राळ्याची पातळ पेज त्याला चमच्याने पाजली. मग कात्री आणून त्याची दाढी, केस, नखं कापली आणि ती सगळी चुलीत घातली. तो बसायला तयार नव्हता. उभ्यानेच सगळं करून घेतलं.

"पोरी," मावशीने शूचिंगला बाजूला घेऊन विचारलं, "आता वर कोण बसलंय?"

"कुणी नाही."

मावशीने कात्री खाली ठेवली.

"रिकामी ठेवून आलात?"

"तो म्हातारा होता की तिथे. पण बसला नाही."

मावशी दारापर्यंत गेली. टेकडीकडे बघत राहिली. मग तिने दार लावलं, त्याला अडसर घातला, आणि त्या दुपारी गिऱ्हाईक आलं तरी उघडलं नाही. शेवटची शहराकडे जाणारी बस आली तेव्हा ती दोघांना मागच्या दाराने सोडायला आली. निरोप देताना ती शूचिंगला एवढंच म्हणाली, "बसला नाही म्हणजे तो मोकळा झाला. घरापर्यंत कुठे थांबू नका."

बसमध्ये वेनहेंग दांड्याला धरून उभा राहिला, सगळ्या जागा रिकाम्या असताना. अर्ध्या वाटेवर शूचिंग म्हणाली, "वर जे बोलले ते..."

"खरं बोललीस," तो म्हणाला.

"तुला सोडवायला बोलले."

"माहीत आहे. तरी खरं होतं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "आईला मी सांगेन. रजेचं. मीच सांगेन." मग त्याने डोकं दांड्याला टेकलं आणि रडला. शूचिंगने त्याला रडू दिलं. बाबा गेल्यापासून तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. उठून ती त्याच्याशेजारी उभी राहिली, आणि दोघं तशीच शहरापर्यंत गेली.

स्टेशनात संध्याकाळची गर्दी होती. वेगवान गाडीला वीस मिनिटं होती. फाटकावरच्या यंत्रावर शूचिंगने ओळखपत्र टेकवलं, समोरच्या काचेत चेहरा दाखवला, हिरवा दिवा लागला, ती पलीकडे गेली. मागून वेनहेंग आला. त्याने ओळखपत्र टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

एवढा वाळलाय, ओळखणार कसं यंत्र, असं शूचिंगच्या मनात आलं. तेवढ्यात गणवेशातली एक तरुण मुलगी लगबगीने आली, यंत्राच्या पडद्यावर नजर टाकली आणि नेहमीच्या सरावाच्या आवाजात म्हणाली,

"एका वेळी एकच जण, साहेब. दोन चेहरे येतायत. तुमच्या मागच्या आजोबांना जरा पिवळ्या रेघेमागे थांबायला सांगा."

शूचिंगने पाहिलं. रांग पिवळ्या रेघेमागेच उभी होती. रेघ आणि वेनहेंग यांच्यामध्ये हातभर फरशी होती, लख्ख पुसलेली. तिच्यावर कुणी नव्हतं.

वेनहेंगने मागे वळून पाहिलं नाही. तो नुसता एक पाऊल बाजूला झाला, कमरेत वाकला, आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला,

"आधी तुम्ही."

हिरवा दिवा लागला. काचेची दोन दारं उघडली, आणि एखादं म्हातारं माणूस सावकाश पाय टाकत जायला जेवढा वेळ घेईल, तेवढा वेळ उघडीच राहिली. मग मिटली.

"हं, आता या तुम्ही," ती मुलगी म्हणाली, आणि पुढच्या फाटकाकडे निघून गेली.

शूचिंग पलीकडे उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, काही दिसलं नव्हतं. पण तिच्या लक्षात आलं की तीही भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून, वाट सोडून उभी आहे.